गळा बसलाय, हे गटाला कधी सांगायचं?

पत्र : ताई, पाच आवाजांच्या एका व्होकल जॅझ गटात मी ऑल्टो, म्हणजे बायकांतला खालचा, मधला आवाज गाते. सात आठवड्यांचा माझा पहिला मोठा दौरा नुकताच संपला. शेवटच्या आठवड्यात गळा बसला होता. कुणाला बोलले नाही, रेटून नेलं. खोली दोघींत एक, त्यामुळे एकटी अशी मी फक्त बाथरूममध्ये असायचे. आमची सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरचा आवाज गाणारी, रोज रात्री बसमध्ये बसल्या बसल्या माझा सूर कुठे उतरला ते ऐकवते. मैफल संपल्यावर घरी फोन केला की नवरा म्हणतो, आवाज थकलेला वाटतोय, आणि त्यावरूनच तासभर बोलणं होतं. आता गटप्रमुखानं पुढच्या वर्षाचा करार समोर ठेवलाय. पंधरा दिवसांत उत्तर हवंय. गाणं मला जिवापाड आवडतं. मग घरी आल्यावर तीन दिवस मी नुसती रडत का होते? सही करू का?
– मधला आवाज

उत्तर : रडण्यापासून सुरुवात करते, कारण ते तू अगदी शेवटी, जवळजवळ ओशाळून लिहिलंयस. सात आठवडे कधी उठायचं, कधी निघायचं, साउंड चेक, म्हणजे मैफलीआधीची आवाजाची चाचणी, किती वाजता, जेवण किती वाजता, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं. रोज रात्री अंगातली सगळी शक्ती रंगमंचावर ओतायची आणि दोन तासांनी बसमध्ये डोळे मिटून झोपेची वाट बघायची. घरी पोचलीस आणि ते वेळापत्रक एकदम सुटलं. मोठ्या दौऱ्यानंतर असे कोसळलेले गायक मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतले बरेच जण आजही मजेत गातायत. तेव्हा रडू आलं म्हणजे हे आयुष्य आपलं नव्हे, असा अर्थ एवढ्यात काढू नकोस. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप-भूक ताळ्यावर आली नाही, गाणंच नकोसं वाटायला लागलं, तर मात्र डॉक्टरांशी बोल. ते सगळं दौऱ्याच्या शिणवट्यावर ढकलू नकोस.

मला खटकलं ते दुसरंच वाक्य. ‘कुणाला बोलले नाही, रेटून नेलं.’ त्यात थोडा अभिमानही दिसला मला. दुखणं अंगावर काढणाऱ्यांचं आपल्याकडे कौतुक होतं खरं, पण व्होकल गटात त्या कौतुकाला जागा नाही.

एकट्या गायिकेचा गळा बसला तर तिला पळवाटा असतात. पट्टी उतरवता येते, अवघड गाणं गाळता येतं, सॅक्सोफोनवाल्याला दोन आवर्तनं जास्त देता येतात. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. सा, ग, प, नी आणि वरचा रे अशी पाच जणांनी एकाच वेळी धरलेली कॉर्ड, म्हणजे स्वरांचा गुच्छ, घे. सोप्रानो वर, बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, तळाशी, आणि तुझ्या वाट्याला बहुतेक वेळा ग नाहीतर नी. नी डळमळला तर जॅझचा रंगच उडतो. ग गेला तर कॉर्ड प्रसन्न आहे की उदास, हेच समजेनासं होतं. ऐकणाऱ्याला ‘ऑल्टोचा आवाज बसलाय’ असं कळत नाही. आज गट जमला नाही, एवढंच त्याला कळतं. आणि तुझ्या शेजारचे दोघं, आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून, तुझा सूर सावरायला जास्त जोर लावत राहतात. तू गप्प राहिलीस त्याची किंमत त्यांच्याही गळ्यांनी मोजली असणार.

रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट वेगळी असते. लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस या त्रिकुटानं १९५७ मध्ये जॅझ बँडप्रमुख काउंट बेसीच्या अख्ख्या बँडची गाणी तीन गळ्यांत बसवली, ती तेच आवाज टेपवर एकावर एक चढवून. जीन प्युरलिंग यांचा सिंगर्स अनलिमिटेड हा गट तर मुळात स्टुडिओपुरताच होता. चार माणसांचे इतके थर की ते रंगमंचावर उभे करणं शक्यच नव्हतं. तुमच्या दौऱ्यात मात्र पाच माणसं आणि पाचच आवाज. बाकी सगळे हिशेब याच्यानंतर.

म्हणून गळ्याची बातमी ही तुझी खासगी बाब नाही, कामाची माहिती आहे. बसचा टायर बसला तर ड्रायव्हर शेवटच्या मुक्कामापर्यंत ते मनात ठेवत नाही. साउंड चेकच्या आधी, सकाळीच, एका वाक्यात सांगायचं : ‘आज वरचे स्वर भरवशाचे नाहीत.’ कारणं नकोत, माफी नको. ते ऐकल्यावर बरंच काही करता येतं. तू आणि टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, एखाद्या ओळीपुरते स्वर अदलाबदल करू शकता. क्रम बदलून सर्वांत अवघड अरेंजमेंट, म्हणजे आवाजांत बांधलेलं गाणं, काढता येते. ध्वनियंत्रणा सांभाळणारा तुझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे तुला तुझं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, तुझा आवाज वाढवू शकतो, म्हणजे तू गळ्यावर जोर देणार नाहीस. शेवटच्या रात्री तोंडघशी पडल्यावर सांगितलंस तर यातलं काहीही हातात राहत नाही.

आता तुझ्या गळ्याचं. दौरा संपून किती दिवस झाले ते तू लिहिलं नाहीस. आवाज अजून घोगरा असेल, वरचे हलके स्वर लागायला वेळ लागत असेल, बोलताना मधूनच हवा सुटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि शक्यतो गायकांचे गळे रोज बघणाऱ्याकडे जा. स्ट्रोबोस्कोपी करून घ्यायला सांग. नुसता घसा बघून स्वरतंतू दिसत नाहीत, आणि ते सेकंदाला शेकडो वेळा हलत असल्यानं त्यांची हालचाल संथ करून दाखवणारी तपासणीच उपयोगाची. घसा चार आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कुणीही दाखवावं. गाण्यावर पोट असलेल्यानं एवढं थांबू नये. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेव : गाता गाता आवाज झटकन, एका क्षणात गेला, तर तिथल्या तिथे थांबायचं. तो स्वरतंतूत रक्तस्राव असू शकतो, आणि त्यावर गाऊन कायमचं नुकसान होऊ शकतं. मैफलीच्या तोंडावर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन वेळ मारून नेण्याचे किस्से दौऱ्यांवर फार रंगवून सांगितले जातात. सूज उतरते, दुखापत झाकली जाते, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस आणखी जोरात गातो. गळा प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कुणी ते देत असेल तर घेऊ नकोस. सर्दीच्या गोळ्यांबाबतही जपून राहा, त्यांतल्या बऱ्याच गळा कोरडा करतात.

पण तुझा गळा गाऊन बसला असेल, असं मला फारसं वाटत नाही. दोन तासांची मैफल, तासभर साउंड चेक, थोडा रियाज. तू शिकलेली गायिका आहेस, इतकं तुला झेपायला हवं. गळा जातो तो उरलेल्या वेळात, आणि दौऱ्यावर त्या वेळाकडे कुणाचंच लक्ष नसतं. चालत्या बसमध्ये इंजिनाच्या घरघरीवर गप्पा चालतात. गोंगाटात माणूस स्वतःच्या नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्येच मांडलं होतं. त्याला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. तुला वाटतं तू हळू बोलतेयस, पण चार तासांच्या प्रवासात तू एक अख्खी मैफल बोलून झालेली असतेस, तीही बसल्या जागी, मान वळवून, श्वासाचा आधार न घेता. विमानात त्यात कोरड्या हवेची भर. केबिनमधली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खालीच असते. मग मैफल झाल्यावर बाहेर सह्या, फोटो, सीडीचं टेबल, आणि घोळक्यातून ‘काय सुंदर गायलात’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं उत्तर. तेही नुकत्याच तापलेल्या, किंचित सुजलेल्या गळ्यानं. माझ्या मते दौऱ्यातला गळ्याला सर्वांत महाग पडणारा अर्धा तास तो हाच. त्या टेबलापाशी पाळ्या लावा. गटातल्या बासला बोलायला फारसं काही वाटत नाही, अशी माणसं सहसा बासच गातात. त्याला उभा करा. तू सह्या कर आणि हस.

कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, हेही सांगून ठेवते. बऱ्याच जणांचा गळा कुजबुजताना उलट आवळला जातो. गप्प बसायचं तर पूर्ण गप्प बसायचं. सारखं खाकरणंही सोड. पाण्याचंही तसंच आहे. रंगमंचावर जाताना घटाघटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतही नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्याचा फायदा शरीरातून फिरून काही तासांनी पोचतो, म्हणून मैफलीचं पाणी सकाळपासून प्यायचं. वाफ मात्र थेट लागते. मैफलीनंतर एक नळी ग्लासभर पाण्यात बुडवून तिच्यातून पाचेक मिनिटं हळू गुणगुणत बुडबुडे काढ, खालून वर, वरून खाली. दिसायला हास्यास्पद आहे, पण तापलेला गळा उतरवायला याच्याइतकं सोपं आणि बसमध्येही करता येण्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

हे सगळं कळूनही तू गप्प बसू शकणार नाहीस, जोवर गटात त्याला मान्यता नाही. पाच जणांत एकटीच अबोल राहिलीस तर दुसऱ्या दिवशी ‘हिचं काय बिनसलंय?’ सुरू होतं. म्हणून ही गोष्ट वैयक्तिक विनंती म्हणून मागू नकोस, कामाचा नियम म्हणून माग. मी ज्या गटाबरोबर फिरायचे तिथे बसमधल्या पुढच्या दोन रांगा मुक्या होत्या. तिथे बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही, का बसलास म्हणून विचारायचंही नाही. सुरुवातीला टिंगल झाली. मग टिंगल करणारेच पहाटेच्या निघण्याला त्या जागा पकडायला धावायला लागले. खोलीचंही तसंच. दौराभर एकेरी खोली देणं लहान गटाला परवडत नाही, हे मान्य. पण आठवड्यातून एक रात्र प्रत्येकाला पाळीनं एकटी खोली, एवढं बसतं. तुझी सहनिवासी त्याला कडाडून विरोध करेल असं वाटत असेल, तर आधी तिलाच विचार. बहुधा तीही बाथरूममध्येच एकटी असते.

आता सोप्रानो. ती सांगते ते खोटंच असेल असं मी म्हणणार नाही. थकलेला गळा खाली ओढतो, आणि वरून गाणाऱ्याला ते आधी टोचतं. पण सूर उतरला कुणाचा, हे बसमध्ये बसून आठवणीवरून ठरवता येतच नाही. वाद्यांशिवाय गाताना चांगला गट गंधार पियानोपेक्षा सुमारे १४ सेंट खाली धरतो, अर्ध्या स्वराचे १०० सेंट या हिशेबानं. तिथेच तो स्थिर होतो, गुंजतो. पुढच्या गाण्यात पियानो आला की तोच स्वर तेवढा वर न्यावा लागतो. तो बदल एखादीनं केला आणि दुसरीनं केला नाही, की दोघींनाही समोरची बेसूर वाटते आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. शिवाय वाद्यांशिवाय गाताना अख्खा गटच हळूहळू खाली सरकतो. शेवटी पट्टी तपासली की खापर मधल्या आवाजावर फुटतं, कारण मधला आवाज कुणाला नीट ऐकूच आलेला नसतो.

त्यामुळे तिच्याशी सुरावरून भांडू नकोस, वेळेवरून बोल. ‘तू सांगतेस ते मला हवंय, पण मैफलीनंतर नको. उद्या साउंड चेकला, कुठलं गाणं, कितवा बार (मात्रांचा कितवा गट), ते सांग, आपण दोघी तिथेच गाऊन बघू.’ याचे दोन परिणाम होतात. खऱ्या चुका दुसऱ्या दिवशीही आठवतात आणि दुरुस्त होतात. रात्रीच्या चिडचिडीतून आलेल्या चुका सकाळपर्यंत विरून जातात. मैफल संपल्यापासून दुसऱ्या साउंड चेकपर्यंत कुणी कुणाच्या गाण्यावर बोलायचं नाही, हा नियम गटप्रमुखानं सगळ्यांसाठी लावला तर उत्तमच. तो लावत नसेल तर तुम्ही दोघींपुरता लावा. आणि ती रोज रात्री हेच का उकरते, याचाही जरा विचार कर. सगळ्यांचे कान तिच्या ओळीवर असतात. तिची चूक शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, तुझी नाही. ती धास्ती कुठेतरी उतरवायची म्हणून ती तुझ्याकडे वळत असेल. म्हणून तू सोसावंस असं नाही, पण तिच्याशी बोलताना सूर थोडा नरम लागेल.

नवऱ्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यात, मीही फार लिहीत नाही. मैफलीनंतरचा फोन बंद कर. त्या वेळी तुझ्याकडे उरलेला आवाज हा दिवसातला सर्वांत वाईट आवाज असतो. तोच ऐकून तो काळजीत पडतो, त्याची काळजी दूर करायला तू आणखी तासभर बोलतेस. सकाळी फोन कर, वीस मिनिटं, ताज्या गळ्यानं. रात्री ‘झाली मैफल, छान झाली, झोपते’ एवढा मेसेज पुरे. हे त्याला दौऱ्याच्या मध्यावर सांगू नकोस, निघण्याआधी सांग, कारणासकट.

आणि करार. आधी मनातली एक भीती काढून टाकूया : आपण नाही म्हटलं तर गट बुडेल, किंवा एक मैफल चुकवली तर जागा जाईल. या क्षेत्रातल्या मोठ्या गटांचा इतिहास बघ. फोर फ्रेशमेन १९४८ पासून गातायत. मूळच्या चौघांतले शेवटचे बॉब फ्लॅनिगन १९९२ मध्ये निवृत्त झाले, तरी गट चालूच राहिला. वर सांगितलेल्या त्रिकुटातून ॲनी रॉस १९६२ मध्ये बाहेर पडल्यावर सिलोनहून आलेल्या योलांड बव्हान त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. मॅनहॅटन ट्रान्सफरच्या लॉरेल मासे १९७८ मध्ये मोटार अपघातात जखमी झाल्या आणि गटातून बाहेर पडल्या. त्यांच्या जागी शेरिल बेंटाइन आल्या, त्या २०२३ मधल्या निरोपाच्या दौऱ्यापर्यंत राहिल्या. बेंटाइन स्वतः आजारपणामुळे काही काळ नव्हत्या तेव्हा मार्गारेट डॉर्न गायल्या. जागा टिकते, माणसं येतात-जातात, आणि आजारी पडलेलं माणूस परतही येतं.

पण बदली गायिका आयत्या वेळी मिळत नाही. तुमच्या अरेंजमेंट पाठ असलेली, निदान वाचून गाऊ शकणारी ऑल्टो आधीपासून हेरून, तिला कागद आणि रेकॉर्डिंग देऊन ठेवावी लागतात. म्हणून करारात मी पहिली गोष्ट शोधेन ती बदलीची : ती कोण शोधणार, तिचे पैसे कोण देणार, डॉक्टरांनी गायला मनाई केली तर त्या रात्रीचं तुझं मानधन राहणार की जाणार. दुसरी गोष्ट, सलग किती मैफली आणि त्यानंतर सुट्टी कधी. इथे प्रवासाचा दिवस सुट्टी म्हणून मोजलाय का, ते नीट बघ. तसा मोजलेला असेल तर हटकून हरकत घे, कारण दहा तास बसमध्ये बोलून काढलेला दिवस गळ्याला सुट्टी नसते. दैनिक भत्ता, मैफल रद्द झाल्यास काय, रेकॉर्डिंगमधला तुझा वाटा, सोडायचं असेल तर किती आधी कळवायचं, हेही लेखी हवंच. ते कुणीही जाणकार तुला समजावून देईल.

सही करू का, याचं माझं उत्तर : एका वर्षापुरती कर, बदलीचं कलम आणि खऱ्या सुट्ट्या मिळत असतील तर. या दोन मागण्यांवर गटप्रमुख घासाघीस करेल, ते चालेल. त्याचं बजेट तुला दिसत नाही, त्याला दिसतं. पण तो हसण्यावारी नेत असेल, ‘गळे सगळ्यांचेच बसतात’ म्हणत असेल, तर सही करू नकोस, गट कितीही चांगला असला तरी. दुसऱ्या कुणाचा गळा बसेल तेव्हाही तो हेच म्हणेल, आणि तेव्हा त्या बसलेल्या गळ्याचा सूर सावरायला जोर लावणाऱ्यांत तू असशील.

एक गोष्ट मात्र कागदात सापडणार नाही, ती तुझी तुलाच बघावी लागेल. मधला आवाज तुला खरंच आवडतो का? टाळ्या पडतात त्या रात्री सगळ्यांनाच सगळं आवडतं, ते सोड. रिकाम्या सभागृहात, साउंड चेकच्या वेळी, कुणीही ऐकत नसताना तुझ्या नीवर सोप्रानोचा रे येऊन टेकतो आणि कॉर्ड बंद होते, तेव्हा काय वाटतं? तिथे अंगावर काटा येत असेल तर या दौऱ्याची बाकीची दुरुस्ती करण्यासारखी आहे. आणि तिथेही तुझं लक्ष सोप्रानोच्या ओळीकडेच जात असेल, आपण ती गायला हवी असं वाटत असेल, तर तसं कबूल करण्यात काही कमीपणा नाही. मग तुझं गाणं वेगळं आहे, आणि या गटात आणखी एक वर्ष काढून तू सोप्रानोवर जास्तच चिडशील.

पंधरा दिवस आहेत म्हणतेस. तज्ज्ञाची वेळ आजच घे, आणि गटप्रमुखाला लिही की गळ्याचा अहवाल हातात आला की उत्तर देते. शेवटच्या आठवड्यात काय झालं होतं तेही त्याच पत्रात लिहून टाक. तपासणीत काय निघालं ते मलाही कळव.